हनानची बहीण

निलगिरीच्या तेलाचा थंड, उग्र दर्प आमच्या दुबईच्या अल बर्शा भागातल्या क्लिनिकच्या भिंतींत मुरलेला आहे. त्या दर्पात मी आणि हनान, दोघी फिजिओथेरपिस्ट, वर्षानुवर्षे परक्यांची दुखणी हाताळत आलो. मी रत्नागिरीची, हनानचे माहेर गाझाचे, आणि तिची बहीण अजून तिथेच.

त्या दिवसांत बहिणीचा फोन लागत नव्हता. नेमका तेव्हाच आखडलेला खांदा घेऊन एक वृद्ध हनानच्या वाट्याला आला. याकोव्ह, तेल अवीवहून दुबईत मुलाकडे आलेला. सीमा ओलांडून आलेल्या हल्लेखोरांनी त्याच्या भाच्याला मारले होते, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. हनानने बहिणीचे घर बॉम्बने पडल्याचे सांगितले. झाले! त्यानंतर दर भेटीत तो आपल्या माणसांविषयी बोले, ती आपल्या. दोघेही खरेच बोलत; ऐकत कोणीच नसे. जगभरचे शहाणे ज्या संवादाचा जप करतात, तो हाच का?

मला अधिक वीट आला तो आमच्या जेवणाच्या खोलीचा. ज्यांचे तिथे कोणीच नव्हते, तेच तावातावाने निवाडे देत. एकाला बॉम्ब रास्त वाटत, दुसऱ्याला ओलीस धरणे. आणि कोणाची बाजू घ्यायची हे ज्याच्या त्याच्या धर्मावरून आधीच ठरलेले! हनान डबा न उघडताच उठून जाई. इन्शाल्ला सगळे ठीक होईल, असे मीही तिला म्हणत राहिले, आणि त्या पोकळ शब्दांची मला स्वतःलाच चीड येई.

एका दुपारी याकोव्हचा हात वर धरलेला असताना हनानचा फोन वाजला. क्लिनिकचा नियम मोडून तिने तो घेतला. अरबीत दोनचार वाक्ये झाली, लाइन तुटली, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारच्या पडद्याआडून मी धावत आले. याकोव्ह उठून बसला होता. इतक्या भेटींत त्याने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"तुझी बहीण जिवंत आहे?" त्याने विचारले.

"आज आहे," हनान म्हणाली. मग त्याचा हात पुन्हा हातात घेत तिने विचारले, "तुझ्या भाच्याचे नाव काय होते?"

त्याने सांगितले, आणि स्वतःशीच पुन्हा एकदा उच्चारले.

दोन साधे प्रश्न, कोणालाही सुचावेत असे. ते सुचायला इतकी माणसे का मरावी लागतात? जेवणाच्या खोलीत आमच्या लोकांचा वाद रंगात आला होता. मी गेले आणि बाहेरून दार ओढून घेतले.