आमच्या घरी इन्शाल्ला म्हणजे नाही

कॉस्मास लोपीस मस्कतमध्ये, गालाच्या एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवतो. ठोकलेली गाडी आधी डेंटर सरळ करतो, मग कॉस्मास तिला असा रंग मारतो की ती कुठे चेपली होती हे मालकाच्याही लक्षात राहत नाही. काम एकदम झकास. फक्त वेळेवर होत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाने "गाडी कल मिलेगा?" विचारलं की कॉस्मास म्हणतो, "इन्शाल्ला." म्हणजे देवाची इच्छा असेल तर. म्हणजे उद्या नाही. परवाही नाही. हे गालात सगळ्यांना माहीत आहे, गिऱ्हाइकालाही. तो आपला विचारायचं म्हणून विचारतो.

कॉस्मासचं चुकलं एवढंच की त्याने हा शब्द घरी नेला.

घर तिथून जवळच, अझैबात. घरात बायको इव्हॉन, एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला, आणि मुलगी डायना, चौथीत. शाळेचं खातं इव्हॉनकडे. फी, मीटिंग, ओपन हाऊस, सगळं तीच बघते. डायनाची शाळा बाहेरून कुठल्या शेडची आहे ते कॉस्मास झोपेत सांगेल. आत काय आहे ते मात्र त्याला विचारू नये.

याला कारण त्याचं नाव. मस्कतमध्ये कॉस्मास लोपीस म्हटलं की समोरचा सरळ फाडफाड इंग्लिशच सुरू करतो. आता वसईचा माणूस चर्चच्या आवारातल्या मराठी शाळेतून दहावी झालेला असू शकतो, तो प्रार्थनासुद्धा मराठीतच करतो, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. डायना केजीत असताना तो एकदा ओपन हाऊसला गेला होता. टीचर हसून हसून बोलत होती, हाही हसून हसून मान हलवत होता. घरी आल्यावर कळलं की अख्ख्या वर्गासाठी केक आणायचं तो कबूल करून आलाय. त्यानंतर शाळेचं नाव निघालं की कॉस्मासला ड्युटी असायची.

मग इव्हॉनच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, इव्हॉन वसईला गेली आणि शाळेचा फोन कॉस्मासच्या मोबाईलवर आला.

डायनाची क्लासटीचर, रुबिना मिस. कॉस्मासच्या एका हातात स्प्रे गन होती, तोंडावर मास्क. मिस खूप वेळ इंग्लिशमध्ये बोलली. त्यातलं "पेरेंट" आणि "ट्यूजडे" त्याला कळलं. बोलणं संपलं तेव्हा शेवटी प्रश्न होता, हे सुरावरून कळलं.

"इन्शाल्ला, मॅडम," कॉस्मास म्हणाला.

"ओ! वंडरफुल! माशाल्ला!" म्हणत मिसने फोन ठेवला.

वंडरफुल काय झालं, याचा विचार करत त्याने एका कोरोलाचा दरवाजा रंगवून टाकला.

संध्याकाळी जेवताना डायना म्हणाली, "पप्पा, मिसने तुझा नाव बोर्डवर लिहिला."

"माझं? कशाला?"

"ट्यूजडेला पेरेंट्स अवर आहे ना. एक पेरेंट येतो आणि क्लासला टॉक देतो. सगळ्यांच्या मम्मीज येतात. मिस म्हणते, फादर्स कधीच येत नाही, यू आर द फर्स्ट."

"अगं पण मी येतो असं कोण म्हणालं?"

"मिस म्हणाली, यू सेड इन्शाल्ला."

"मग?"

"मग मी मिसला सांगितला. मिस, आमच्या घरी इन्शाल्ला मीन्स नो."

असं म्हणून तिने बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. रागाने म्हणाली असती तर कॉस्मासला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हतीच. बाहेर गरम आहे, असं सांगावं तसं सांगत होती.

कॉस्मासने मनातल्या मनात आठवून बघितलं. सायकल, इन्शाल्ला. वाहिबाचं वाळवंट, इन्शाल्ला. नाताळचं नाटक, ज्यात ती देवदूत होती आणि जे त्याने इव्हॉनच्या मोबाईलवर पाहिलं, तेही इन्शाल्लाच. आणि गेले कित्येक महिने पोरगी काही मागतच नव्हती. तो खुश होता की पोरगी शहाणी झाली.

"मिस काय म्हणाली मग?"

"मिस म्हणाली, नो डिअर, इन्शाल्ला मीन्स ही विल कम. मी म्हटला, ओके मिस."

ते ओके कॉस्मासने ओळखलं. गिऱ्हाईक गॅरेजमधून निघताना तसंच ओके म्हणतं.

दुसऱ्या दिवशी तो अर्बाबकडे गेला. अर्बाब म्हणजे गॅरेजचा मालक जाफर, पक्का ओमानी, पण कामगारांसोबत राहून हिंदी शिकलेला.

"अर्बाब, मंगलवार को सुबह छुट्टी मांगता."

"क्यों? बीमार?"

"बच्ची का स्कूल. टीचर को मैं गलती से इन्शाल्ला बोल दिया."

जाफरने चहाचा कप खाली ठेवला. "गलती से? इन्शाल्ला गलती से कौन बोलता है, या कॉस्मास?"

"कस्टमर को तो रोज बोलता मैं."

"कस्टमर को तुम बोलता, वो तुम्हारा और अल्ला का मामला, मैं बीच में नहीं आता. टीचर को बोला तो जाने का. खलास."

"और वो सफेद लँडक्रूझर? वो आदमी कल आएगा."

"आने दो," जाफर म्हणाला. "उसको मैं इन्शाल्ला बोलेगा."

भाषण शेजारच्या लोकेशने लिहून दिलं. लोकेश नागपूरचा, कंपनीत इंजिनिअर, कोणाचं काही अडलं की आधी लॅपटॉप उघडणारा. भाषण 'आय ॲम ॲन ऑटोमोटिव्ह रिफिनिशिंग स्पेशालिस्ट' इथून सुरू होत होतं.

"हा कोण?" कॉस्मासने विचारलं.

"तू," लोकेश म्हणाला.

मंगळवारी कॉस्मास ईस्टरचा शर्ट घालून वर्गात उभा राहिला. डायना तिसऱ्या बाकावर. तो आला तेव्हा तिने त्याच्याकडे असं बघितलं जसं रंगवायला टाकलेली गाडी खरंच दुसऱ्या दिवशी मिळाल्यावर गिऱ्हाईक बघेल. म्हणजे आधी संशयाने.

त्याने भाषण वाचलं. मोठ्याने, न थांबता, फुलस्टॉपलाही न थांबता. संपलं. घड्याळात पाहिलं तर जवळजवळ सगळा तास शिल्लक होता. रुबिना मिस म्हणाली, "एनी क्वेश्चन्स, चिल्ड्रन?"

एक मुलगा उठला. "अंकल, हॅव यू पेंटेड अ लँबोर्गिनी?"

"नो," कॉस्मास म्हणाला. "पिकअप."

दुसरी मुलगी. "अंकल, डू यू स्पीक पोर्तुगीज?"

"नो."

मागच्या बाकावरून तिसरा. "अंकल, अवर बस एसी इज नॉट वर्किंग. यू विल रिपेअर? टुमारो?"

"इन्शाल्ला," कॉस्मास म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं.

"दॅट मीन्स नो!" डायना ओरडली.

सगळा वर्ग खो खो हसला. रुबिना मिसने तोंडावर हात घेतला. कॉस्मासचे कान लाल झाले आणि लोकेशचं इंग्लिश होतं नव्हतं ते सगळं उडून गेलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मैं हिंदी में बोलूं क्या? एसी मेरा काम नहीं है. मैं खाली कलर मारता."

"अरे, बोलिए ना!" मिस म्हणाली. "मैं हैदराबाद की हूं. आपका नाम देख के मुझे लगा आपको हिंदी नहीं आती होगी. फोन पे मेरी जान निकल गई थी अंग्रेजी बोल बोल के."

"मेरी भी," कॉस्मास म्हणाला.

मग त्याने पोरांना बरकाच्या एका मासेवाल्याची गोष्ट सांगितली. त्याची पिकअप रंगवली, ओली होती, वाळू दे म्हटलं तर तो ऐकेना, तशीच घेऊन पळाला. परत आला तेव्हा गाडीवर वाळू, सीगलची पिसं आणि सुरमईचे खवले चिकटलेले. आणि माणूस खुश! म्हणे, चमकता है, ऐसाच रहने दो. पोरं बाकं बडवायला लागली. डायना मात्र हसत नव्हती. ती मान वळवून वळवून बघत होती की बाकीचे हसतायत ना.

घंटा झाली. कॉस्मास दारापर्यंत गेला आणि घरातून निघताना म्हणतो तसं डायनाला म्हणाला, "चल, येतो हां."

"कधी?"

"कधी काय?"

"तू म्हटला येतो. कधी?"

आता निघताना वसईत काय, अख्ख्या महाराष्ट्रात माणूस येतोच म्हणतो. जन्मभर म्हणतो. त्यावर तारीख कोणी विचारत नाही.

"अगं बाय, ते तसं नसतं, निघताना आपण…" असं म्हणत तो थांबला. डायना बाकावरून अर्धी उठली होती, पुढे वाकून. कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी विचारलं होतं.

"क्या बोल रहे हैं पापा?" मिसने विचारलं.

"मिस, ही इज सेइंग ही विल कम अगेन."

मिसने लगेच मार्कर उचलला. "कब, लोपीस साहब?"

शब्द जिभेवर येऊन तयारच होता. कॉस्मासने तो गिळला.

"अगले मंगलवार," तो म्हणाला.

मिसने लिहून होईपर्यंत डायना बोर्डकडेच बघत होती. मग खाली बसली.

कॉस्मास गॅरेजला पोचला तेव्हा लँडक्रूझरवाला त्याचीच वाट बघत होता. "गाडी कल मिलेगा?"

"नहीं," कॉस्मास म्हणाला. "शनिवार."

तो माणूस आत गेला आणि जाफरला हळूच म्हणाला, तुम्हारा पेंटर को डॉक्टर के पास भेजो, उसका तबियत ठीक नहीं लगता.