समन्सचा शेवटचा टप्पा

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमध्ये वर्गात बसले होते. तिकडे सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. माझं एलएलएमचं वर्ष होतं आणि विषय होता वेगवेगळ्या देशांतल्या व्यापाऱ्यांमधले कोर्टकज्जे. भावाचं नाव स्क्रीनवर दिसलं म्हणून मी बाहेर गेले.

"बाबा गेले," तो म्हणाला. "वावरात हळद शिजवून राहिलो होतो, तिथंच बसल्या बसल्या." मग त्यानं विचारलं, "तुझ्यासाठी थांबायचं का?"

मी मनातल्या मनात प्रवास मांडला. विमानानं हैदराबाद, तिथून नांदेड, मग वारंगा फाटा, हिंगोली, शेवटी जीपनं आमचं गोरेगाव. दोन दिवस तरी लागणार होते. मार्च महिना होता, ऊन तापलं होतं. मी म्हणाले, "नको थांबू."

फोन ठेवून मी वर्गात परत गेले. प्राध्यापिकेनं मलाच प्रश्न विचारला: विकणारा एका देशातला, घेणारा दुसऱ्या देशातला आणि माल तिसऱ्याच देशाच्या बंदरात अडकलेला, तर दावा कुठं चालेल? मी उत्तर दिलं. ते बरोबर होतं. तास संपेपर्यंत मी टिपणं घेत राहिले. ती वही मी नंतर उघडून पाहिली. अक्षर नेहमीसारखंच होतं, कुठं हललेलंसुद्धा नव्हतं.

बाबा कोर्टात बेलिफ होते. समन्स, नोटिसा घेऊन सेनगाव तालुक्यातली गावं फिरायचे. मी नववीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला एकदा स्कूटरवर सोबत नेलं. एका मेंढपाळाला त्याच्या चुलतभावानं केलेल्या जमिनीच्या दाव्याचं समन्स द्यायचं होतं. त्याचं कापडी पाल एका रिकाम्या वावरात ठोकलेलं, आणि तो मेंढरं घेऊन कुठं तरी लांब गेलेला. त्याची बायको म्हणाली, आमच्याजवळ कागद देऊन जा. बाबांनी दिला नाही. आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. मला भूक लागली होती, मी चिडले होते. मी म्हणाले, माणूस सापडत नसला की दाराला कागद चिकटवतात ना?

"पालाला दार असतंय का?" बाबा म्हणाले. "अन् दार असलं तरी, डकवला म्हणजे त्याला कळालं असं होत न्हाई."

तो माणूस दिवस कलताना आला. बाबांनी त्याला सगळा कागद वाचून दाखवला, तारीख दोनदा त्याच्याकडून म्हणवून घेतली आणि मग अंगठा घेतला.

मी गोरेगावला पोचले ते तिसऱ्या दिवशी. अंगणात हळद वाळत होती, तिच्या कडेकडेनं माणसं बसली होती. बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, जणू दुःख त्यांच्याच घरचं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मावशीला सांगितलं, हिला आधी जेवायला वाढा. मी जेवले. दोन भाकरी खाल्ल्या.

निबंधाला मुदतवाढ हवी होती म्हणून विद्यापीठानं मृत्यूचा दाखला मागितला. दाखल्यावर आमच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं आलं होतं. ते नाव आणि माझं नाव एकाच घरातलं आहे, हे शपथेवर लिहून द्यायला मी सेनगावच्या कोर्टात गेले. नोटरीचं टेबल बाहेरच होतं. बाबांच्या हाताखाली तयार झालेले एक बेलिफ तिथं उभे होते. त्यांनी मला ओळखलं. मी काय शिकते, हे त्यांना माहीत होतं.

"तुमचे बाबा सांगायचे आमाला," ते म्हणाले. "माझं लेकरू तिकडं समन्सच शिकून राहिलं म्हणून. फक्त लई लांबचं."

मी "हो" म्हणाले आणि सही कुठं करायची ते नोटरीला विचारलं.

मुदत मिळाली. वर्ग संपत आले होते. उरलेलं सगळं मी गोरेगावातूनच लिहिलं. प्रबंधाचा विषय आधीच ठरला होता: परदेशी कोर्टाचं समन्स भारतातल्या माणसापर्यंत कसं पोचतं. ते नुसतं टपालानं पाठवलेलं आपल्या देशाला मान्य नाही. ते दिल्लीला एका ठरलेल्या खात्याकडे येतं, तिथून जिल्ह्याच्या कोर्टात जातं. पुस्तकं इथवर सांगतात आणि थांबतात. पुढं ते कोण नेतं, कोणत्या गाडीवरून नेतं, माणूस भेटला नाही तर किती वेळ बसतं, हे मला कुठंच सापडलं नाही. त्यावर मी एक प्रकरण लिहिलं. बाबांचा उल्लेख केला नाही. लिहिताना मला काही झालं नाही. बाहेर हळदीला पॉलिश करायचं यंत्र चालू होतं, त्याच्या आवाजाचा तेवढा त्रास झाला.

निकाल आला तेव्हा तुरीला हिरव्या शेंगा लागल्या होत्या. आई आणि मी ओसरीवर शेंगा सोलत होतो. मी फोनवर निकाल पाहिला. ते प्रकरण वेगळं आणि चांगलं आहे, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. मी आईला सांगितलं, पास झाले.

"आता परत तिकडं जावं लागतंय का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि उरलेल्या शेंगांचा ढीग तिनं दोघींच्या मधोमध सारला.