रऊफभाईंचं मध्यंतर

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागे रऊफभाईंचं सीट कव्हरचं दुकान आहे. दुचाकीची फाटकी सीट त्यांच्या पुढ्यात टाकली की ते ती नवी करून देतात आणि शिवता शिवता गोष्ट ऐकवतात. गोष्ट त्यांची स्वतःची असते. शेजारी माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. त्यामुळे ती टाईपही मीच करतो. म्हणजे त्यांचा पहिला वाचक मी, संघपाल, आणि पहिला वैतागणाराही मीच.

वैताग एवढाच, की त्यांच्या एकाही गोष्टीला शेवट नव्हता. नायक विहिरीत लोंबकळतोय, खाली साप, वर सासरा, आणि रऊफभाई मोठ्या अक्षरांत लिहिणार, 'मध्यंतर'. झाली गोष्ट.

याचं मूळ गावातल्या जुन्या टॉकीजमध्ये आहे. तरुणपणी ते तिथल्या कँटीनमध्ये कामाला होते. सिनेमा सुरू झाला की मालक त्यांना आत बसू द्यायचा आणि मध्यंतराच्या जरा आधी घंटा वाजवून बाहेर बोलवायचा. मग समोसे, मग चहा, मग कपबशा विसळणं. सगळ्या सिनेमांचा उरलेला भाग त्यांनी मोरीत बसून भिंतीपलीकडून ऐकला. कोणीतरी मार खातंय एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही. टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे, पण रऊफभाईंच्या डोक्यातली घंटा काही बंद झाली नाही.

दुकानात जमणाऱ्या आम्हा श्रोत्यांनाही तिची सवय लागली होती. मध्यंतर आलं की मागच्या घरातून हाजराभाभी, म्हणजे त्यांची बायको, चहाचा ट्रे घेऊन यायच्या. आम्ही कप उचलायचो आणि बाहेर लिंबाखाली जाऊन शेवटावरून भांडायचो. मेडशीचे दौलतसिंग प्रत्येक गोष्टीत शेवटी लग्न लावून द्यायचे, खुन्याचंसुद्धा. माझे शेवट चांगले असायचे, पण ऐकतो कोण!

एकदा वाशीमच्या एका दिवाळी अंकाचे संपादक हरीओम सर सीट शिवून घ्यायला आले. गोष्ट ऐकून खूश झाले आणि शेवट नाही म्हटल्यावर चांगलेच चिडले.

"शेवट लिहा रऊफभाई, अन् आधी इथंच वाचून दाखवा," ते म्हणाले. "एक जरी माणूस शेवटापर्यंत बसला, तर पाठवा. छापतो."

आपलं नाव छापून यावं, याखेरीज रऊफभाईंना दुसरी हौस असलेली मी पाहिली नाही. त्या दिवशी त्यांनी एका स्कूटीला ट्रॅक्टरचं कव्हर घातलं.

शेवट काही सुचेना, म्हणून मी त्यांना वाशीमला घेऊन गेलो, म्हटलं एक सिनेमा अख्खा दाखवू. मध्यंतर झालं, दिवे लागले आणि पाहतो तर शेजारची खुर्ची रिकामी. पुन्हा अंधार झाला तरी पत्ता नाही. शेवटी सापडले ते कँटीनच्या काउंटरमागे. खांद्यावर फडकं टाकून बशा पुसत होते. कँटीनवाल्याला वाटलं, मालकानं नवीन माणूस पाठवला.

"मले कळलंच नाई, संघपालभाऊ," ते म्हणाले. "पाय आपोआप गेले."

परतताना बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांनी दिलेला समोसा मात्र खाल्ला.

मग त्यांच्या मुलीनं, यूसरानं, मोबाईलवर एक गेम लावून दिला. "अब्बा, याच्यात मध्यंतरच नसते. राक्षसाले मारलं का संपलं."

रऊफभाई राक्षसाच्या दारापर्यंत पोचले. राक्षसानं त्यांना आपटलं. ते पुन्हा दारात उभे. त्यानं पुन्हा आपटलं. दोन दिवस हेच. गिऱ्हाइकं सीटा घेऊन ताटकळत होती, शेवटी मीच ओरडलो, "मारून काहून नाई राह्यले त्याले?"

"मी मेलो का पुन्हा येतो, भाऊ. हा कुठंच जात नाई," ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "कवाचा उभा हाये इथं. याले कोनी बस मनलं असन का?"

यूसरानं कपाळावर हात मारला. रऊफभाईंनी मोबाईल तिच्याकडे दिला आणि लिहायला बसले. या वेळी टाईप करायलाही दिलं नाही मला. राग आला, खोटं कशाला सांगू.

वाचनाच्या दिवशी दुकान भरलं. गोष्ट एका सीटचोराची होती. तो जिल्हाभरच्या गाड्यांच्या सीटा पळवतो आणि अनसिंगपासून मंगरूळपर्यंत लोक उभ्यानं गाड्या चालवू लागतात. इन्स्पेक्टर दिलावर माग काढत एका गोदामात शिरतो. आत सीटांचे ढीग आणि मधोमध चोर, उभा.

"इन्स्पेक्टरनं पिस्तूल रोखलं. चोर हळूच वळला..." एवढं वाचून रऊफभाई श्वास घ्यायला थांबले.

झालं. सगळे उठले. मध्यंतर असं कोणी म्हणालंसुद्धा नव्हतं. दौलतसिंग चोरासाठी मुलगी शोधतच बाहेर पडले. मीही उठलो. पाय आपोआप गेले. रऊफभाई स्वतः उठले, कागद काखेत मारून कप गोळा करायला.

मागच्या दारात हाजराभाभी उभ्या होत्या. हातात ट्रे नव्हता.

"चहा?" दौलतसिंगांनी बाहेरूनच विचारलं.

"नाई मांडला. यूसरा मनते, आज गोष्ट पुढं हाये." भाभी नवऱ्याकडे वळल्या. "इतके साल मी मध्यंतराले आली अन् कप घेऊन गेली. मले ना सुरुवात ठाऊक, ना शेवट. आज मी ऐकून राह्यली."

आणि त्या खाली ठेवलेल्या एका ताज्या सीटवर बसल्या.

"अवो, सोल्युशन ओलं हाये त्याचं. चिकटसान," रऊफभाई म्हणाले.

"मंग त उठताच येनार नाई. वाचा तुमी."

रऊफभाईंनी कागद उलटले. पुढं वाचू लागले. इन्स्पेक्टर दिलावरनं पिस्तूल खिशात ठेवलं, ढिगातली एक सीट ओढली आणि चोराला म्हणाला, "बसा." चोरानं आयुष्यात तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. तो ढसाढसा रडायला लागला.

भाभींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. आम्ही सगळे दाराबाहेर रिकाम्या हातांनी, माना आत घालून शेवटापर्यंत ऐकत होतो. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही.