कागदावरची शिकवणी

आमच्या भोसरीत गुरुवारी कारखाने बंद असतात. त्यामुळे जगाचा रविवार असेल तेव्हा असो, आमच्याकडे पाहुणे गुरुवारी. माझ्या नवऱ्याचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथं तयार होतात. गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या शेडचा मालक आणि आमचा सीए घरी येतात. मी भजी तळते आणि हे देश चालवतात.

यांचा विषय एकच. आयकर बंद करा.

"सरकारला कर पाहिजे ना? मग दुकानात घ्या. साबण घेतला, द्या कर. गाडी घेतली, द्या कर. देशभर एकच कर, विषय संपला राव! माझ्या घरात कोण किती कमावतं हे विचारायचा हक्क यांना दिला कोणी? एकदा उंबरठा ओलांडू दिला की थेट चुलीपर्यंत येतात."

शेजारचे म्हणायचे, "आणि आपला हेल्पर? त्यानं साबणावर तुझ्याएवढाच कर भरायचा व्हय?"

"सरकारचे हात बांधायचे तर थोडी झळ सगळ्यांनाच बसणार," हे म्हणायचे आणि भजी उचलायचे. झळ बसणाऱ्या हेल्परला ओव्हरटाइम देताना यांचा हात किती आखडतो ते मला माहीत आहे. पण यांचं निम्मं म्हणणं मला खरंच पटायचं. चुलीपर्यंत कोणी येऊ नये, हे बरोबरच आहे. फक्त यांनी चूल पाहिलेली नाही, एवढंच.

मी लग्नाआधी डी.एड. केलं होतं. लातूरहून इकडे आले तेव्हा घरातच शिकवणी सुरू करावी असं मनात होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये आई-वडील दोघंही शिफ्टला जातात अशी घरं पुष्कळ, पोरं दुपारभर जिन्यात खेळत असतात. यांना विचारलं, तर म्हणाले, "दारात चपलांचा ढीग नको. लोक म्हणतील, याचं वर्कशॉप चालत नाही वाटतं." तेवढ्यावर मिटलं. सुरुवातीला मला फार राग यायचा. मग तोही येईनासा झाला.

पुढं वर्कशॉप चांगलं चालायला लागलं तेव्हा कर वाचवायला सीएनं तोड काढली. थोडं उत्पन्न वहिनींच्या नावावर दाखवू, इकडे खूप घरांत तसंच करतात. वहिनी काय करतात म्हणून लिहायचं? शिकवणी. शिकलेल्या आहेत, शोभेल. यांनी मान डोलावली. म्हणजे शिकवणी घ्यायला मला बंदी, आणि शिकवणी घेते म्हणून दर वर्षी आयकराचं विवरण भरायचं. मला हसू आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. माझ्या फोनवर ओटीपी यायचा, तो मी सीएला वाचून दाखवायचे आणि कढईकडे परत जायचे.

गेल्या वर्षी नोटीस आली. शिकवणी कुठं घेता, कोणाला, खुलासा करा. नेमकी माझ्याच नावानं. यांचं जेवण सुटलं. सीए म्हणाला, "कदाचित व्हिडिओवर बोलावतील. वहिनींना तयारी करावी लागेल."

मग गुरुवारची बैठक बदलली. सीए आयकराचा साहेब व्हायचा आणि मला प्रश्न विचारायचा. पहिल्या खेपेला मी अडखळले. कोणत्या वर्गाची मुलं? पाचवी-सहावीची. कुठं बसतात? इथंच. हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच यांना बुडवणार.

दुसऱ्या गुरुवारी मी आपणहून बोलायला लागले. "एक मुलगी आहे, पाचवीतली. आई-वडील दोघंही महाळुंग्याला कंपनीत जातात. तिला अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, ती खालचे आकडेपण मिळवून टाकते. मी तिला भाकरीचे तुकडे करून दाखवते."

मग सीए म्हणाला, "एवढं नको वहिनी. विचारतील तेवढंच सांगा."

पण मला थांबता येईना. दुपारी कामं आवरली की मी खिडकीपाशी सतरंजी घालून एकटीच बसायचे. ती मुलगी भिंतीला टेकून बसणार, दंगा करणारे दोघं लांब लांब. मला बरं वाटत होतं, हे सरळ सांगते. इतक्या वर्षांत मला तू काय करतेस असं कोणीतरी विचारणार होतं, आणि माझं उत्तर तयार होतं.

बोलावणं आलंच नाही. सीएनं लेखी खुलासा दिला, यांनी वरचा कर भरला आणि प्रकरण मिटलं.

"म्हणजे मला विचारणार नाहीत?" मी म्हणाले.

"नाही वहिनी. सुटलात!"

हे पेढे घेऊन आले. त्या गुरुवारी यांचा आवाज पुन्हा चढला. "बघितलंत ना? एका कागदानं घर हलवलं. म्हणून सांगतो, कर दुकानातच घ्यावा. मग हिला कोणी विचारलं असतं का, बाई तू काय करतेस?"

"नाही. कोणीच विचारलं नसतं," मी म्हणाले.

त्या बैठकीत मी पहिल्यांदाच मत दिलं होतं. शेजारचे म्हणाले, "वहिनी पण तुझ्याच पार्टीच्या हायेत की!" सगळे हसले.

मग सीएनं लॅपटॉप उघडला. शिकवणी आता नजरेत आलीय, ती बंद करू. यंदा शिवणकाम दाखवू. आमच्या घरात शिलाई मशीन नाही. साधं बटण लावायचं तरी मी कोपऱ्यावरच्या टेलरकडे जाते. हे म्हणाले, चालेल, शिवणकाम चांगलं आहे, त्याला कोणी घरी येत नाही.

मी पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि उचलता उचलता म्हणाले, "अहो, आणि ती मुलगी? तिची बेरीज अजून चुकते."

यांनी सीएकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठली मुलगी?"

तेवढ्यात माझ्या फोनवर ओटीपी आला. मी तो वाचून दाखवला.