टेबलाला टेकलेलं कोपर

ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत मी एका विद्यार्थिनीच्या टेबलाला कोपर टेकवलं. पंधरा वर्षं घर्षण शिकवणाऱ्या माणसाने करू नये, नेमकं तेच. कप्पीवरून लोंबणाऱ्या पारड्यात ती एकेक वजन अलगद ठेवत होती आणि दोऱ्याला बांधलेला लाकडी ठोकळा हटून बसला होता. माझ्या धक्क्याने तो सुळकन घसरला. रीडिंग वाया गेलं.

"हात थरथरतो तुझा," मी तिच्यावरच डाफरलो.

ठोकळा जागचा हलवायला जास्त जोर लागतो. एकदा सुटला की कमी वजनातही घसरत राहतो. माझ्या जिभेचंही तसंच झालंय. नोकरीच्या सुरुवातीला कुणाला नुसतं 'मूर्ख' म्हणायचं तरी घशाला कोरड पडायची. आता तिच्या हातावरून मी अक्षरावर आलो, अक्षरावरून अकलेवर, आणि खरं सांगतो, मजा येत होती.

तिचे डोळे भरले. तरी तिने वजनं उतरवली, ठोकळा मागे घेतला.

"मार्क कापायचे तर कापा, सर," ती म्हणाली, "पण धक्का तुमचा लागलाय. आता जरा लांब उभे राहा."