भिंतीवरची काच

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. ज्या मित्राला मी माझं नापास होणं, माझा अल्सर, सासऱ्यांशी झालेलं भांडण सगळं सांगून बसलोय, त्यालाही नाही. एकदा सांगायला म्हणून तोंड उघडलं होतं — आणि क्रिकेटवर बोललो. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच कारण असेल.

आधी माझा धंदा सांगतो. मी घरांची किंमत करतो. बँकेला, कोर्टाला, वाटणीला बसलेल्या भावांना अमुक घर केवढ्याचं हे सांगायला एक सिव्हिल इंजिनिअर लागतो, तो मी. राहतो गाझियाबादला, पण काम बहुतेक दक्षिण दिल्लीतल्या बड्या कॉलन्यांमध्ये. तिथे एक गंमत आहे. जमिनीचे कोटी आणि वरच्या घराचं शून्य. जुनी कोठी, म्हणजे बंगला, कुणी राहायला घेतच नाही, पाडायला घेतात. बिल्डर येतो, खाली पार्किंग, वर चार मजले. दोन मजले मालकाचे, दोन त्याचे. त्यामुळे घरासमोर शून्य लिहायची माझ्या हाताला सवय झालेली. एकदा सवय झाली की माणूस नीट बघतही नाही.

पण मी वळसे घेतोय. परचुरेकाकूंच्या घराबद्दल सांगायचंय.

मी अकोल्याहून दिल्लीला आलो तो कलेक्टर व्हायला. राजेंद्रनगरात एका खोलीत तिघं राहायचो आणि रोज राजमा नाहीतर छोले खायचो. तेव्हा कुणीतरी सांगितलं, साउथ दिल्लीत एका मराठी घरी गणपती बसतो, आपल्या पोरांना जेवायला बोलावतात, चल. गेलो. काकूंचे यजमान सरकारात मोठ्या हुद्द्यावर, कोठी हीऽऽ मोठी, आणि काकू स्वतः पंगतीत वाढत होत्या. वरणभात, तूप, लिंबाची फोड. मी पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. काकूंनी पाहिलं. आणखी एक मूद वाढली. कलेक्टर मी झालो नाही, ते सोडा. पण दिल्लीत राहिलो, आणि दर गणपतीला त्या घरी जेवत राहिलो. आपल्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजणारा अशी शिवी आहे. माझा तर व्यवसायच तो. पण शिवी लागू होते ती दुसऱ्याच कारणासाठी.

काका गेले. काकू एवढ्या मोठ्या घरात एकट्या उरल्या. मागच्या क्वार्टरमध्ये त्यांच्याकडे काम करणारी बिमला आणि तिची मुलं. काकूंचा मुलगा अभय गुडगावला. त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. आईची काळजी त्याला खरीच होती. कोठी बिल्डरला द्यावी, आईने आपल्यासोबत नव्या मजल्यावर राहावं, असं त्याचं म्हणणं. काकू ऐकत नव्हत्या. त्याने मला किंमत काढायला बोलावलं. मराठी माणूस, घरचा, आईचा विश्वास आहे — म्हणून मला.

गेलो. बिल्डरचा माणूसही बसला होता. जेवणाच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक तडा होता. मी दोन मिनिटं पाहिला आणि म्हणालो, "पाया बसतोय. खालची माती सरकतेय. त्यात दिल्ली म्हणजे भूकंपाचा पट्टा." उचलली जीभ लावली टाळ्याला! खणून पाहिलं होतं का? नाही. नकाशा मागितला होता का? नाही. मागितला असता तर कळलं असतं की ती खोली काकांनी नंतर वाढवली होती, आणि जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यात तसा तडा जातोच. त्याने काही बिघडत नाही. मग का बोललो? कारण तिघंजण माझ्याकडे बघत होते. मोठ्या घरात, मऊ सोफ्यावर, मला तज्ज्ञासारखं बोलायला आवडलं. एवढंच.

काकू ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो देशमुख, हे घर यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलंय. असं कसं बसेल? अच्छा, तपासायची काही सोय असेल ना?"

होती. तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी लावायची, दोन्ही टोकं भिंतीला प्लास्टरने घट्ट चिकटवायची. भिंत जराशी जरी सरकली तरी काच मोडते. काच शाबूत म्हणजे भिंत शांत. काकूंना ते फार पटलं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं — होळीनंतर देशमुख शेवटचं पाहतील, तोवर काच मोडली तर मी मुकाट्याने निघेन. नाही मोडली तर अभय, तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. अभय हसून बरं म्हणाला. मी काच लावली.

हिवाळाभर काकूंचे फोन यायचे. "शाबूत आहे हो." कुणाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी भिंतीपुढे दोन खुर्च्या आडव्या लावल्या. बिमलाला ती भिंत झाडायची बंदी. स्वतः मऊ फडक्याने आजूबाजूची धूळ टिपायच्या. मध्येच एका सकाळी धरणीकंप झाला. दिल्लीत होतात तसा. पंखे झुलले, सगळी कॉलनी रस्त्यावर आली. काकूंचा फोन आला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या आनंदात होत्या. "देशमुख, भूकंप झाला आणि काच तश्शीच! बिल्कुल तश्शीच!" मी म्हणालो, वा. आणि फोन ठेवल्यावर मला राग आला. कुणाचा राग, विचारा. काचेचा. काच मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार होती.

होळीनंतर मी शेवटची पाहणी करायला गेलो. अभय फाटकापाशी भेटला. रात्री आईकडे राहून तो ऑफिसला निघाला होता, गाडीची काच खाली करून म्हणाला, "देशमुखजी, तुमची काच तर आईच्या पार्टीची निघाली यार!" आणि हसला. तो रागावला नव्हता. हरला होता आणि त्याने ते मानलं होतं. त्या क्षणी काकूंचं घर वाचलं होतं, हे तुमच्या लक्षात येतंय ना? मी फक्त आत जाऊन "काकू, घर पक्कं आहे, माझं चुकलं" म्हणायचं होतं. अभयचा दबाव नव्हता. बिल्डरने मला काही देऊ केलं नव्हतं. कुणी काही मागितलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "बसा, कॉफी करते," आणि आत गेल्या. मी एक खुर्ची बाजूला सरकवली. काच स्वच्छ होती. मी तिच्या मधोमध अंगठा ठेवला. नुसता ठेवला होता — असं मी स्वतःला कित्येक दिवस सांगत आलो. नुसता ठेवून काच मोडत नाही. मी दाबला.

टक्. एवढाच आवाज.

मी खुर्ची जागेवर ठेवली, अंगठा पँटला पुसला आणि हाक मारली, "काकू, जरा येता का?" आवाजात थोडं दुःखही आणलं होतं. डॉक्टर आणतात तसं.

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "सकाळी शाबूत होती हो. मी स्वतः पाहिली." माझ्या पाचावर धारण बसली. पण त्यांना माझा संशय आलाच नाही. त्यांनी बिमलाला हाक मारली. बिमला ओले हात पुसत आली, आणि काय विचारताहेत हे कळल्यावर तिने हात जोडले. "मैंने नहीं छुआ आंटी जी, बच्चों की कसम." तिने मुलांची शपथ घेतली, आणि मी तिथेच उभा होतो. मी भिंतीकडे बघत राहिलो. काकू तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या — एवढ्या वर्षांत तसं त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नसेल. मग म्हणाल्या, "नहीं, तू झूठ नहीं बोलेगी."

मग त्यांनी वर छताकडे पाहिलं. "म्हणजे आत्ताच मोडली. आपण घरात असताना." आणि त्यांनी काय केलं असेल? माझा हात धरला. पंचाहत्तरी उलटलेल्या त्या बाईने माझं मनगट घट्ट धरून मला ओढत दाराबाहेर नेलं. "चला, आधी तुम्ही बाहेर चला. तुमची मुलगी लहान आहे अजून." बिमलालाही मुलांना घेऊन बाहेर यायला ओरडल्या. लॉनवर आम्ही सगळे घराकडे बघत उभे राहिलो. आत कॉफी उतू गेल्याचा वास येत होता.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर रोजच सांगता आलं असतं.

दिलेला शब्द काकूंनी पाळला. अभयने त्यांना दिल्लीतल्याच द्वारकेत एका सोसायटीत भाड्याने फ्लॅट घेऊन दिला, नवं बांधकाम होईपर्यंत म्हणून. बिमलाचं क्वार्टर कोठीबरोबरच गेलं. ती शेवटच्या दिवशी फाटकाशी गाठोडी घेऊन उभी होती; कुठे जाणार हे मी विचारलं नाही. उन्हाळ्यात घर पाडत होते तेव्हा एकदा मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. बाकीचं पडलं होतं. जेवणाच्या खोलीची भिंत उभी होती. मशीन तिच्यावर आदळत होतं आणि ठेकेदार आईबहिणीवरून शिव्या देत होता, कारण ती पडता पडत नव्हती.

चार मजले उभे राहिले. अभय राहायला आला, आईला न्यायला गेला. काकू येत नाहीत. तिथली जमीन सरकते, मी येणार नाही, तूही राहू नकोस, मुलांना घेऊन निघ — असं त्या त्याला रोज सकाळी फोन करून सांगतात. रोज. तो पहिल्यांदा हसायचा, आता चिडतो. मायलेकांमध्ये आता तेवढंच बोलणं उरलंय. द्वारकेच्या फ्लॅटमध्येही काकूंना नीट झोप लागत नाही. पलंगामागच्या भिंतीला प्लास्टरची केसाएवढी चीर आहे. सगळ्याच नव्या फ्लॅटांना असते. त्यांनी मला बोलावून तिच्यावर काच लावून घेतली. मी लावून दिली.

या वर्षी त्यांनी फ्लॅटमध्येच छोटा गणपती बसवला. राजेंद्रनगरातली चार-पाच मुलं आली होती, जास्त मावतच नव्हती. पलंगावर ताटं घेऊन बसली होती. मी गेलो तेव्हा काकूंनी सगळ्यांना थांबवून माझी ओळख करून दिली. "हे देशमुख. हेही तुमच्यासारखेच आले होते. यांनी वेळेवर सांगितलं म्हणून मी वाचले. नाहीतर त्या घराखाली गेले असते." मुलं माझ्याकडे आदराने बघायला लागली. एकाने उठून मला जागा दिली.

काकूंनी बेसनाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. छान झालाय म्हणालो, आणि त्यांनी दिला म्हणून आणखी एक घेतला.