विहिणीपुढं लपवलेली गोळी

लातुरात दाढ काढायला गेले, तेव्हा बीपीची गोळी चालू असल्याचं मी डॉक्टरांपासून लपवलं. विहीणबाई शेजारी होत्या, त्यांच्यापुढं ठणठणीत दिसायचं होतं. पंचावन्न वर्षांची घोडी, अक्कल शाळकरी.

भुलीचं इंजेक्शन बसलं आणि छाती धाडधाड उडायला लागली. वाटलं, संपलं सगळं. तिथल्या मदतनीस बाईंनी हातमोजा काढून माझी नाडी धरली. बोटांवर उतरत आलेली मेंदी.

"भुलीत अॅड्रेनालिन असतंय, रक्त कमी वाहावं म्हणून. त्यानं धडधडतंय. ओसरंल."

मी हळूच गोळीचं कबूल केलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी दाढ काढणं पुढं ढकललं. धडधड थांबेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचं नाव बी ठाऊक न्हाई मला, पण हातपाय माझे गार पडले होते."